हृदयाची शस्त्रक्रिया आणि बाळाचे दूध

महोदय,

१७ नोव्हेंबरला जागतिक अकालजन्म दिन पाळला जातो. त्या निमित्ताने, नवजात अतिदक्षता विभागात तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या मला एका विषयाकडे लक्ष वेधावेसे वाटते. २८ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायचे ठरले की घरच्यांचे आणि आमचेही सारे लक्ष हृदयाकडे व फुप्फुसांकडे लागते. मात्र त्या आठवड्यात बाळाला पोषण नेमके किती मिळाले, याचा हिशेब सहसा कोणी एकत्र मांडत नाही.

ही शस्त्रक्रिया बहुधा पीडीएची (पेटंट डक्टस आर्टेरिओसस), म्हणजे जन्मानंतरही उघडी राहिलेली एक रक्तवाहिनी बंद करण्याची असते. फुप्फुसांकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांना गर्भावस्थेत जोडणारी छोटी वाहिनी पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते, पण सातशे-आठशे ग्रॅमच्या बाळात ती उघडीच राहू शकते. पुष्कळदा ती वाट पाहिल्यावर आपोआप किंवा आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारख्या औषधांनी बंद होते, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ आता पूर्वीपेक्षा कमी वेळा येते. जिथे ती बंद होत नाही, तिथे फुप्फुसांत जास्त रक्त जाते आणि आतड्यांना कमी पडते. म्हणून दूध वाढवायला डॉक्टर कचरतात. ही भीती खोटी नाही; आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी झालेली बाळे मी पाहिली आहेत.

तरीही आकडे पाहावेत. या बाळांना वाढीसाठी दररोज किलोमागे सुमारे ११५ ते १४० किलोकॅलरी आणि किमान साडेतीन ग्रॅम प्रथिने लागतात. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६७ किलोकॅलरी आणि एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने असतात. किलोमागे १६० मिलिलिटर दूध दिले तर १०७ किलोकॅलरी मिळतात. हृदयावरचा भार कमी करण्यासाठी तेच १२० मिलिलिटरवर आणले की ८० उरतात आणि प्रथिने गरजेच्या निम्मीही भरत नाहीत. दुधात फॉर्टिफायर (दुधातील प्रथिने व उष्मांक वाढवणारे पूरक) मिसळणे आणि शिरेवाटे अमिनो आम्ले, ग्लुकोज व स्निग्धांश देणे यांनी ही तूट भरून काढता येते, पण ती तूट आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तर ती आणखी वाढते. भुलीपूर्वी आईचे दूध चार तास थांबवण्याचा प्रघात आहे, पण शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली की चाराचे दहा तास होतात. पोषणद्रव ज्या नसेतून चालू असते तीच नस औषधांसाठी लागते, मग तेही थांबते. पुढे आतडे सुरळीत होण्याची वाट पाहण्यात आणखी एखादा दिवस जातो. शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीर स्वतःचेच स्नायू झिजवत असते, नेमक्या त्याच वेळी हे घडते. आठशे ग्रॅमच्या बाळाकडे साठा म्हणावा असा असतोच किती?

बाळ एका गावात जन्मते आणि हृदयशस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात होते, तेव्हा अडचण सर्वांत मोठी असते. एका बाळंतिणीचे बाळ रुग्णवाहिकेतून हलवले गेले आणि ती सिझेरियनच्या टाक्यांसह मागेच राहिली. दर तीन तासांनी काढलेले दूध ती बेसिनमध्ये ओतत होती, कारण ते बर्फाच्या पेटीतून पाठवता येते हे तिला आमच्यापैकी कोणीच सांगितले नव्हते. ती चूक माझीही होती आणि ती मला आजही बोचते.

डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले दात्या मातांचे दूध मोठा आधार आहे, परंतु पहिला मान आईच्या स्वतःच्या दुधाचाच.

सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, अशा बाळाला दुसरीकडे पाठवताना औषधांच्या नोंदीबरोबर दुधाची व शिरेवाटे दिलेल्या पोषणाची रोजची नोंद आणि शस्त्रक्रियेनंतर दूध कधी व किती सुरू करायचे याचा लेखी आराखडा सक्तीचा करावा, आणि शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात आईसाठी एक खाट व दूध काढण्याची सोय राखून ठेवावी.

– एक निवृत्त परिचारिका, ठाणे