पाळकाला एकट्यालाच किती जुंपायचं?

संपादक महोदय,
'पाळक आता घरी भेटायला येत नाहीत' हा तुमच्या रविवारच्या अंकातला लेख वाचला, तक्रार खरी आहे पण सगळा दोष पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, माथी मारलाय ते काही पटलं नाही. आमच्या मंडळीचे (चर्चचे) पाळक सकाळी सीपीआर रुग्णालयात पेशंटसाठी प्रार्थना करून येतात, दुपारी दफनविधी, आणि तिथून निघेपर्यंत कमिटीचा फोन, की गळक्या छताचं कोटेशन कुठंय, लाइटबिल भरलं का! अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून मिशनचं काम इथं वाढत गेलं, आता जुन्या जागांचे कागद सांभाळायचे म्हटलं तरी एक पूर्णवेळ माणूस लागेल, आणि तेही बऱ्याच ठिकाणी पाळकांनीच बघायचं. मग म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाणार कधी?

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 बघा, विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होते अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी (येशूच्या शिष्यांनी) ते काम स्वतःकडं न ठेवता सात माणसं निवडायला लावली. आपल्याकडं माणसं निवडतात, पण खुर्चीसाठी, आणि निवडणूक झाली की दोन गट आणि समेट करायला परत पाळकच (त्यांचं मन कोण विचारतो हा वेगळाच विषय). हिशेब, इमारत, कागदपत्रं कमिटीनं लेखी वाटून घ्यावीत आणि आजारी सभासदांकडं जायला प्रत्येक पेठेत, उपनगरात दोन-दोन जण नेमावेत, ईस्टरची वाट न बघता.

– एक सभासद, कोल्हापूर