डेब्ज यांना समाजवादी केले ते सरकारने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौरपद जिंकल्यावर झोहरान ममदानी यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच अमेरिकेचे जुने समाजवादी कामगार नेते युजीन डेब्ज यांचे वाक्य उद्धृत केले. तेव्हापासून डेब्ज यांची एक ठरावीक कथा पुन्हा ऐकू येते. १८९४ च्या पुलमन रेल्वे संपापायी कैद झाली, मिलवॉकीचे समाजवादी नेते व्हिक्टर बर्गर यांनी तुरुंगात मार्क्सचा ग्रंथ आणून दिला आणि बाहेर पडले ते समाजवादी होऊनच. कथा छान आहे, पण तारखा तिच्या आड येतात.

इंडियानातल्या टेरे हॉटचे डेब्ज चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेत लागले, पुढे इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, झाले. फायरमन संघटनेचे मासिक त्यांनी चालवले, डेमोक्रॅट म्हणून राज्याच्या विधिमंडळातही बसले. संपाचे तर त्यांना वावडेच होते. १८८८ च्या बर्लिंग्टन रेल्वे संपात मात्र ड्रायव्हर-फायरमन हरले, कारण प्रत्येक कामाची संघटना वेगळी आणि एकीच्या संपात दुसरीची माणसे कामावर. हा धडा घेऊन १८९३ मध्ये त्यांनी सगळ्या रेल्वे कामगारांची एकच अमेरिकन रेल्वे युनियन उभारली. पुढच्याच वर्षी तिने ग्रेट नॉर्दर्न कंपनीला अठरा दिवसांत नमवले.

मग पुलमन. शिकागोजवळ डबे बांधणाऱ्या या कंपनीने मंदीचे कारण सांगून मजुरी कापली, पण कामगार ज्या घरांत राहत त्या कंपनीच्याच घरांचे भाडे तसेच ठेवले. युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला. वॉशिंग्टनमध्ये ॲटर्नी जनरल होते रिचर्ड ओल्नी, वर्षानुवर्षे रेल्वे कंपन्यांची वकिली केलेले! गाड्यांतले टपाल अडते या नावाखाली संपाविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूम आला. पाठोपाठ इलिनॉय राज्याचे राज्यपाल आल्टगेल्ड यांचा विरोध डावलून लष्कर आले. धाडणारे होते डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड, ज्यांच्यासाठी डेब्ज यांनी प्रचार केला होता. माझ्या मते खरा घाव हा. शत्रूने मारले असते तर त्याचे एवढे वाटले नसते.

आणि तरीही, मनाईहुकूम मोडल्याची कैद भोगून १८९५ मध्ये वुडस्टॉकच्या तुरुंगातून सुटल्यावर वर्षभराने डेब्ज प्रचार करत होते तो अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन यांचा! ब्रायन हरले, तेव्हा कुठे जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी स्वतःला समाजवादी जाहीर केले. ग्रंथाने दिशा दिली असेल, पण जुन्या पक्षाची आशा त्यांनी शेवटपर्यंत धरली होती. पुढचे सर्वश्रुत आहे. अध्यक्षपदाच्या पाच निवडणुका, १९१२ मध्ये सुमारे सहा टक्के मते, युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा आणि १९२० मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून लढताना नऊ लाखांवर मते.

या गौरवात एक गोष्ट नेहमी गाळली जाते. ‘सगळ्यांची’ म्हणवणाऱ्या त्या युनियनने १८९४ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सदस्यत्व नाकारले. डेब्ज यांनी विरोध केला, पण थोड्या मतांनी हरले. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर बहुतांश कृष्णवर्णीयच होते. ते संपाबाहेर राहिले यात नवल ते काय?

— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ