कोंबड्या इतक्यात विकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात. आईचं अळू उकरलं, मिरचीची रोपं आडवी झाली आणि बाबा अकराच्या अकरा कोंबड्या बाजारात नेणार, एवढंच कळलं. म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत एक अख्खी सकाळ मी मागच्या पायरीवर बसून त्यांचे उद्योग बघितले होते. ती ठिपक्यांची तलंग पायाने दोनदा माती मागे उडवते, एक पाऊल मागे सरते, मान तिरकी करून बघते आणि मग टिपते. आई, तिला तुझी मिरची नकोच असते गं, मिरचीखालचे किडे हवे असतात. ओल्या, भुसभुशीत मातीत ते आयते मिळतात. तू आळ्यात पाणी घालून वळलीस की त्या हजर!

तेव्हा बाबा, वेळ बदलून बघा. पाणी सकाळीच घालायचं आणि कोंबड्या चारच्या पुढे सोडायच्या. बहुतेक जणी दुपारपर्यंत अंडी घालून मोकळ्या होतात, म्हणजे शेजारच्या पेंढ्यात अंडी शोधत फिरायला नको. दोन-अडीच तासांत त्या किती उकरणार? काळोख पडायला लागला की आपणहून खुराड्यात येतात, फक्त दार घट्ट लावा, मुंगूस आहेच.

दिवसा त्यांना फणसाखाली जाळी लावून ठेवायचं. आत सुक्या पानांचा पातेरा टाका, चांगला ढोपरभर. दिवसभर तोच चिवडत बसतील. मात्र तो विष्ठेसकट लगेच माडाला घालू नका, ताजी विष्ठा मुळं जाळते. चार-सहा महिने कुजू दे.

वाढलेल्या रोपांसाठी विकतचं काही नको. मागे नारळाच्या सोडणांचा ढीग पडलाय ना? बुंध्याभोवती ती उपडी, एकमेकींना चिकटून मांडा. चिऱ्याचे तुकडेही चालतील. पाय मातीला लागला नाही की उकरणं संपलं. अळू आणि कोवळी रोपं मात्र जाळीआडच हवीत, तिथे सोडणांनी भागणार नाही. गडग्यावरून उडणाऱ्या दोघींच्या एकाच पंखाची लांब पिसं कापा, दोन्हींची नको. तोल गेला की उडता येत नाही. नव्या पिसात रक्त असतं, त्याला कात्री लावू नका. पिसं झडून पुन्हा आली की परत कापावी लागतील.

तुळशीपाशी खड्डा करून लोळतात, ती त्यांची अंघोळ. गोठ्यामागे कोरडी माती आणि चुलीतली राख टाकून ठेवा, तिकडे जातील.

आता आईला थोडं बोलते, रागावू नकोस. खळ्यात घाण करतात म्हणतेस, पण उरलेल्या कण्या पडवीतून तूच फेकतेस. जिथे खायला मिळतं तिथेच त्या घुटमळणार. कण्या फणसाखाली टाक.

अकरा मात्र त्या परसात जास्तच आहेत, हे बाबांचं मला पटतं. चार मावशीकडे देऊ. पण ती ठिपक्यांची नाही.

शनिवारच्या रात्रीच्या गाडीने येतेय, जाळी मी घेऊन येते. बाबांनी फणसाभोवती चार खांब तेवढे पुरून ठेवावेत.

तुमची,
धाकटी