आधी राखणदार, मग हस्तांतरण

‘स्मशाने कुणाच्या भरवशावर?’ हा लेख वाचला. गावोगावची स्मशाने व दफनभूमी स्थानिक संस्थांकडे सोपवणारा कायदा राज्याने करावा, ही त्यातली सूचना योग्य, पण अर्धवट वाटते. हा विषय घटनेच्या राज्यसूचीत दहाव्या क्रमांकावर आहे, तेव्हा अधिकाराचा प्रश्न नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत तो स्पष्ट नोंदवला आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत मात्र २९ विषय असूनही स्मशानाचा उल्लेख नाही! त्यामुळे खेड्यांत सारे राज्याच्या पंचायत कायद्यावर अवलंबून राहते.

माझा आग्रह एवढाच, की सातबारावरचे नाव बदलण्यापूर्वी राखणदार नेमावा आणि त्याच्या पगाराची तरतूद कायद्यातच असावी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार अंत्यविधीच्या जागेच्या व्यवस्थापकावरही मृत्यूची माहिती निबंधकाला कळवण्याची जबाबदारी आहे. जिथे फाटकाला कुलूप लावायलाही माणूस नाही, तिथे ती कोण कळवणार? पुढे वारस दाखल्यासाठी खेटे घालतात ते घरचेच.

– एक वाचक