चाल आधी, राग नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील नात्यागोत्याच्या लोकगीतांवरील लेख आवडला. मात्र या गाण्यांच्या चाली मूळच्या रागांतून झिरपत खाली आल्या, हे त्यातील विधान पटले नाही, म्हणून हे पत्र.

जुने ग्रंथ वेगळेच सांगतात. संगीतशास्त्रकार मतंगाच्या ‘बृहद्देशी’ या ग्रंथात देशी संगीताची व्याख्याच अशी आहे की स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजेही आपापल्या प्रदेशात स्वेच्छेने, आवडीने जे गातात ते देशी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद केली, आणि ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० मध्ये, म्हणजे ग्रंथात मानाने बसण्यापूर्वी ओवी उखळापाशी नांदत होती. शिवाय आपण इंदूरकरांनी हे विसरणे फारच विचित्र, कारण १९४८ मध्ये आपल्या शेजारच्या देवासला येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी आजारपणात कानी पडणाऱ्या माळवी गाण्यांचा पुढे ध्यास घेतला, चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांतच रागाचे बीज असते असे मानले, आणि त्यांतून घडवलेल्या रागांना ‘धुनउगम’, म्हणजे धुनेतून उगवलेले, हे नाव दिले.

चाल कोठून येते हे मला माझ्या आत्याने, तिच्याही नकळत, दाखवले. तिच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायच्या म्हणून मी तिला सोफ्यावर बसवले, तर तिसऱ्या ओवीनंतर तिची गाडी अडली. शेवटी माळ्यावरचे जाते उतरवले, त्यात मूठभर ज्वारी घातली, आणि खुंट्याला हात लागताच भाऊराया माहेरच्या वाटेने येऊ लागला, आईची माया आली, नणंदेचा टोमणाही आला. फेरा जड झाला की सूर लांबे, दाणे सरले की तो आखडे. छापील ओवीत जे शब्द बहुधा गळतात, ते ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’, आणि अर्ध्या ओळीची ती पुनरुक्ती, हे सारे दगडाचा फेरा पुरा होईपर्यंत आवाज टिकवण्यासाठी होते. एरवी नवऱ्याचे नाव न घेणारी आत्या ओवीत मात्र सासरच्या एकेकाचा हिशेब चुकता करत होती, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आमच्या घरांत दुसरीही एक गोष्ट घडली आहे. लहानपणी पितृपक्षात आम्ही शेजारच्या माळवी मुलींबरोबर भिंतीवर शेणाची संजा, म्हणजे मुलींच्या व्रतातली देवी, घालत असू आणि तिच्या सासर-माहेराची गाणी म्हणत असू. लगेच नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोंडला. दोन्हींत लेक माहेरी जायला आसुसलेली, दोन्हींत सासरच्यांची टिंगल. परिणामी आमच्या भोंडल्याच्या दोन गाण्यांची चाल पुण्याच्या मावशीला ओळखूच येत नसे. ती त्याला चूक म्हणे. मला वाटते, संजेची चाल भोंडल्यात शिरली होती. चाली अशाच, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात.

म्हणूनच आपल्याकडील संग्रहांत शब्द जपले गेले आणि स्वर सुटले, ही खरी हानी आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या वाचता येतात, ऐकता येत नाहीत, तो त्या काळाचा नाइलाज होता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी मात्र महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवताना त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही करवले. इंदूर, देवास, धार येथील मराठी घरांतल्या गाण्यांसाठी असे काही झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि येथल्या कार्यक्रमांत निवेदक ‘पारंपरिक’ एवढे एक विशेषण लावून मोकळे होतात.

आपण वाचकांकडून अशी गाणी मागवणार असाल, तर कागदावर उतरवून न मागवता आवाजात मागवावीत, आणि गाणारी बाई कोणत्या गावची, ती चाल माहेरची की सासरची, गाताना तिच्या हाती जाते होते, पाळण्याची दोरी होती की काहीच नव्हते, एवढेही विचारून घ्यावे. माझ्या आत्याच्या सात ओव्या मी पाठवू शकेन.

आपली नम्र,
एक वाचिका, इंदूर