ती चित्रे हाताने रंगवलेली नव्हेत

महोदय,

रविवार पुरवणीतील जुन्या निळ्या-पांढऱ्या विलायती भांड्यांवरील लेख आवडला. मात्र त्यांवरील निसर्गदृश्ये हाताने रंगवलेली होती, हे विधान चुकीचे आहे. ती छापील आहेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कोबाल्टच्या निळ्या रंगात पातळ कागदावर उमटवत, तो कागद भाजलेल्या भांड्यावर घासून बसवत आणि मग धुऊन काढत. त्यावर काचेसारखा लेप देऊन भांडे पुन्हा भाजले जाई. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या स्टोक येथे भांड्यांचे कारखानदार जोसाया स्पोड यांनी १७८४च्या सुमारास हे तंत्र पक्के केले. बशीची कड निरखून पाहावी: कागदाची दोन टोके जिथे भिडतात तिथे वेल मध्येच तुटते, एखादे फूल अर्धेच राहते. कुंचल्याने रंगवणारा असे सोडणार नाही.

खरे कसब कोरणाऱ्याचे, पण त्याचे नाव भांड्यावर सहसा नसे. मूळ चित्रकारांचेही तेच. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी भारतात फिरून केलेली चित्रे स्टॅफर्डशायरच्या कारखानदारांनी सर्रास उचलली. त्यांपैकीच रॉजर्स या कारखानदारांच्या ताटांवर तर दिल्लीतील फिरोजशाह कोटल्याजवळचे भग्नावशेष आहेत. पुढील पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली