दुसरा अंक चालू होता तेव्हा

पणजी, मंगळवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर आई, तू म्हणालीस, "पोरगी आईविना वाढते, आणि तुम्हांला मालिका सुचते." मी गप्प बसलो. तुझ्याशी तोंडातोंडी मला कधीच जमलं नाही, म्हणून लिहितो.

तुमची सून मालिकेत काम करायला महिन्याचे अठरा-वीस दिवस ठाण्याला असते, हे खरं. सकाळी सातचा कॉल, रात्री नऊपर्यंत सेट. आधी चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडचा साठा संपत आला की ठरलेली सुट्टी रद्द. पैसे हातात येतात नव्वद दिवसांनी, तोवर तिथल्या खोलीचं भाडं माझ्या पगारातून. बाबा, झगमगाट किती तो तुम्हीच मोजा.

मंगेशीला पाहुणे नेलेत की तुम्ही मास्टर दीनानाथांचं सांगता. १९४२ साली ते गेले तेव्हा लताबाई जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. गाणं नंतर. आधी त्या पोरीने तोंडाला रंग लावून सिनेमात कामं केली, न आवडणारी, कारण घर चालवायचं होतं. बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे १९३३ साली रंगभूमीवर उभ्या राहिल्या, त्या लग्नानंतरच. गायक-नट रामदास कामत आपल्या गोव्याचे. एअर इंडियातली नोकरी सांभाळून त्यांनी संगीत नाटकं केली, त्याचं तुम्हांला केवढं कौतुक! पुरुषाने दोन्ही सांभाळलं की कौतुक, सुनेने सांभाळलं की घर उघडं पडलं. हे तुम्हांला टोचेल, पण टोचू दे.

आशालताबाई वाबगावकरांचं मात्र मी विसरलो नाही. गोवा हिंदू असोसिएशनच्या 'मत्स्यगंधा'तली सत्यवती, तुमच्या दोघांच्या तरुणपणातली. सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेच्या शूटिंगला साताऱ्याकडे असताना त्यांना कोरोना झाला आणि त्यातच त्या गेल्या. आई, त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. तुझ्या रागाच्या तळाशी ती भीती आहे, हे मला कळतं.

पण आपल्या जत्रेचं नाटक आठव. मी सातवीत होतो. बाबा राजा, आणि राणीसाठी नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, ठरवून बाहेरून बाई आणलेली. आपल्या माजघरात ती साडी नेसली. बरोबर तिचं आठ महिन्यांचं बाळ. दुसरा अंक चालू असताना ते रडायला लागलं, तेव्हा तू त्याला खांद्यावर टाकून ओसरीवर येरझारा घालत राहिलीस. बाबांचं पद त्या वर्षी तू ऐकलंच नाहीस. नाटक सुटल्यावर ती रंग न पुसताच बाळाला पाजायला बसली. तिच्या गालाचा गुलाबी रंग बाळाच्या कपाळाला लागला, तो तू पदराने टिपलास. शेजारची कोण तरी कुजबुजली, नवरा कसा सोडतो हिला? तूच फटकारलंस, "तिच्या नाईटच्या पैशांवर त्यांची चूल पेटता गो!" पहाटे तिला कदंब बसपर्यंत सोडायला मला धाडलंस, हातात चार उंडे पाव देऊन.

त्या बाईला दिलंस तेवढंच आता हिला दे. जास्त नको.

चिऊ तशी मजेत आहे. माझ्या हातून तिच्या वेण्या अजून एक वर, एक खाली होतात. परवा व्हिडिओ कॉलवर हिच्या गळ्यात कपडेपटातलं जाडजूड मंगळसूत्र होतं. चिऊने विचारलं, "हे कोणाचं?" ही हसली आणि फोन ठेवल्यावर, मला वाटतं, रडली असावी. विचारलं नाही मी.

शनिवारी सकाळी ती कोकणकन्याने थिवीला उतरते, दोनच दिवसांसाठी. तुम्ही शुक्रवारीच पणजीला या. आई, येताना सोलां (आमसुलं) आण, आपल्याकडली संपलीत. आणि आल्या आल्या तिला वाळलीस का म्हणू नकोस, आधी चहा दे.

तुमचा,
बाबू